नाराज, असंतुष्ट आणि सर्जेराव कणसे

‘जगाचा इतिहास निष्ठावंतांनी जपला असेल; पण घडवला तो बंडखोरांनी, आणि केवळ बंडखोरांनीच!’

हे वाक्य मी अग्रलेखाच्या शेवटी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची जरा मागं सरकवून त्याच्याकडे पाहत बसलो. तेवढ्यात संपादक फडतरेअण्णांनी कागद ओढला, त्या वाक्यावर एक आडवी रेघ मारली आणि मोकळी झालेली जागा बोटांनी मापली.

“इथं पंप बसतोय,” ते म्हणाले.

“पंप?”

“पाच अश्वशक्तीचा. चालू स्थितीत. विकणे आहे.”

“अग्रलेखाच्या पोटात जाहिरात, अण्णा?”

“मेव्हण्याचा पंप आहे. बंडखोर काय, पुढच्या निवडणुकीलाही मिळतील.”

ही गोष्ट करंजपूरची, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. तिथं तेव्हा ‘दैनिक रणशिंग’ नावाचं चार पानांचं वर्तमानपत्र निघत असे. मी त्याचा उपसंपादक होतो, म्हणजे अण्णा सोडून जो काही कर्मचारीवर्ग होता तो मी. नगरपालिकेची निवडणूक लागली होती, उद्या अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस होता, आणि मला वाटत होतं की आपण लोकशाहीच्या ऐन रणात उभे आहोत. अण्णांना काळजी होती ती कागद शनिवारपर्यंत पुरेल की नाही याची.

पंपाचा मजकूर मी नाइलाजानं छपाईच्या खिळ्यांत जुळवतोय, तोच दारातून आवाज आला.

“कोण म्हणलं मला नाराज?”

सर्जेराव कणसे आत आले. हातात आजचा ‘रणशिंग’ गुंडाळी करून धरलेला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, डोक्याला पांढरी टोपी, अंगात स्वच्छ सदरा, पण उजव्या खांद्यावर धुळीचा एक पट्टा. तो पट्टा धुऊनही जात नसे. पक्षाच्या करंजपुरातल्या एकूण एक सभेच्या सतरंज्या त्या खांद्यावरून मैदानात गेल्या होत्या आणि त्याच खांद्यावरून परत आल्या होत्या. यंदा त्यांना वाटलं होतं की आपल्या वॉर्डाचं तिकीट आपल्यालाच. ते मिळालं वीटभट्टीवाल्या भोईट्यांच्या पुतण्याला, जो पक्षात आला होता मागच्या सोमवारी. सर्जेरावांनी रागारागानं अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि मी बातमी दिली, ‘सर्जेराव कणसे नाराज.’

“मी लिहिलं,” मी म्हणालो. “का? नाही आहात का नाराज?”

“नाराज बायको व्हते ओ, वाटवेसाहेब! बाजारातनं वांगी किडकी आणली की! मी बंडखोर हाय.”

“एकच की ते.”

सर्जेराव माझ्याकडे पाहत राहिले. मग अण्णांकडे वळून म्हणाले, “अण्णा, ह्यांना कुठनं आणलंय?”

“पुण्याहून,” अण्णा म्हणाले आणि सर्जेरावांनी सगळं समजल्यासारखी मान हलवली.

मग बाकावर बसून त्यांनी मला शिकवलं. शिकवणं म्हणण्यापेक्षा चौथीतल्या पोराला झापावं तसं झापलं. नाराज माणसाला तालुकाध्यक्षाचा निरोप येतो. तोही औषधाच्या दुकानात, कारण फोन तिथं आहे. असंतुष्टाकडे तालुकाध्यक्ष स्वतः येतात, पण उभ्या उभ्या. आणि बंडखोराच्या घरी खुद्द पक्षाचे साहेब येतात. गाडीतून. बसतात.

“मागल्या खेपेला तो भानुदास तोडकर,” सर्जेराव म्हणाले. “काय हुतं त्याच्याकडं? दोन म्हशी आन् चुलतभाऊ. पर तुम्ही छापलंत ‘बंडखोर’. साहेब दुसऱ्या दिवशी त्याच्या ओसरीवर. थालीपीठ खाल्लं. त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. तोडकरानं तिथंच अर्ज माघारीचा कागद काढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडं आलेत का साहेब कवा? मी म्हणजे मैदानाच्या कडंचा. पन्नास पावलांवर माझं घर. प्रत्येक सभेला साहेब स्टेजवर येतात, स्टेजवरनं जातात. एकदा तरी म्हणावं, सर्जेराव, घर कुठं तुझं?”

“म्हणजे तुम्हाला निवडणूक लढवायची नाही?” मी विचारलं.

“लढवायची म्हंजे? ह्या वॉर्डात पिंपळाच्या पारावरची चार म्हातारी सोडली तर माझा मतदार कोण हाय!” ते दचकून म्हणाले. “माघारीचा कागद सही करून खिशात हाय माझ्या. साहेब आले, बसले, दोन शब्द बोलले की उद्या तिनाच्या आत घरासमोरच्या नगरपालिकेत नेऊन देतो. पर त्यांनी यायला पायजे. आन् ते नाराजाकडं येत न्हाईत.”

हे सगळं ते इतक्या गंभीरपणे बोलत होते की मला हसता येईना आणि चिडताही येईना. मी मुद्द्यावर आलो. म्हणालो, बंडखोर हा जड शब्द आहे, सर्जेराव. त्याला काही तत्त्व लागतं, काहीतरी मोडावं लागतं. ‘असंतुष्ट’ करतो.

“असंतुष्ट तर उभ्यानं जातात!”

“‘अपक्ष’ करू?”

“अपक्ष म्हंजे कुणाचाच न्हाई. मी ह्यांचाच हाय, म्हणून तर बंडखोर.”

मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

अण्णा इतका वेळ पंपाचं प्रूफ वाचत होते. ते मध्ये पडले. ‘रणशिंग’ची एक परंपरा होती आणि ती अण्णांच्या डोक्यात पाठ होती. “आपल्याकडून त्यांच्यात गेला तर गद्दार. त्यांच्याकडून आपल्यात आला तर मतपरिवर्तन. चहाच्या हॉटेलात बोलला तर असंतुष्ट. फॉर्म भरला तर बंडखोर, पण एक अट. घरावरचा झेंडा काढला का, सर्जेराव?”

सर्जेरावांनी टोपी काढून ती पुन्हा नीट घातली.

“काढता येत न्हाई.”

“मन होत नाही?”

“मनाचं न्हाई ओ. वेल्डिंग केलाय. मागल्या साली वाऱ्यानं पडला, तवा मीच लोखंडी पाइप आणून पत्र्याला जाम करून घेतला. आता काढायचा तर पत्रा काढावा लागंल.”

अण्णांनी प्रूफ खाली ठेवलं.

“लिही, वाटवे,” ते म्हणाले. “‘सर्जेराव कणसे यांचे बंड.’ तीन कॉलम.”

“झेंड्याचं काय?”

“झेंड्याबद्दल आपण काही लिहीत नाही.”

जाता जाता सर्जेराव दारात थबकले. “उद्या तुम्ही येताय न्हवं, वाटवेसाहेब? साहेब आलेले फोटोत पायजेत.”

ते गेल्यावर मी अण्णांना म्हणालो की कॅमेऱ्यात रोल नाही.

“फ्लॅश चालतो ना?” अण्णा म्हणाले. “उडव. लोकांचं समाधान होतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ‘रणशिंग’ बाहेर पडला आणि मी गळ्यात रिकामा कॅमेरा अडकवून सर्जेरावांच्या घरी गेलो. सभेच्या मैदानाच्या कडेचं पत्र्याचं घर, वर तो वेल्डिंग केलेला झेंडा फडफडत होता. समोर रस्त्यापलीकडे नगरपालिका. दारात छोटा मांडव घातलेला, खाली शेणानं सारवलेलं, लोखंडी खुर्च्यांची एक ओळ आणि मधोमध दवाखान्यातून मागून आणलेली हातांची मोठी खुर्ची. तिच्यावर नवा टॉवेल. कुणी तिच्यावर बसू नये म्हणून तिच्यापाशी एक माणूस उभा केला होता, आणि त्याला बसायला खुर्ची उरली नव्हती.

आतून तुपाचा वास येत होता. सर्जेरावांच्या मंडळी मालनवहिनी पदर खोचून मोठ्या पातेल्यात शिरा परतत होत्या. पुढच्याच खोलीत बाजेवर सर्जेरावांच्या आई, येसूआई, उशाला टेकून बसलेल्या. ऐंशीच्या घरातल्या, पण डोळे लखलखीत.

“तुम्ही पेपरवाले का?” मालनवहिनींनी झारा हातात धरूनच विचारलं. “बघा जरा. आईंची बाज हितं, शिरा हितं, तिखटाचा डबा हितं. आन् आतली खोली कुणाला? पक्षाला.”

आतल्या खोलीला कुलूप होतं. दाराच्या फटीतून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सतरंज्यांचा ढीग आढ्यापर्यंत गेलेला दिसत होता. किल्ली सर्जेरावांच्या करदोड्याला. लग्न होऊन या घरात आल्यापासून आपण ती खोली रिकामी बघितलेली नाही, असं वहिनी म्हणाल्या. “माझ्या जोंधळ्याला जागा न्हाई, पर त्यांच्या सतरंज्यांना वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालायचा मी.”

“हळू बोल,” सर्जेराव म्हणाले. “आज तसलं काही नको. ये, ते पुन्यांदा करून बघू.”

ते म्हणजे मनधरणीची तालीम. सर्जेराव मांडवात मान वळवून बसले. मालनवहिनी साहेब झाल्या.

“सर्जेराव, रुसू नका. घ्या, शिरा खावा.”

“शिरा मी त्यांना द्यायचा! ते मला कसा देतील?”

“मग मी काय म्हणू?”

“‘सर्जेराव, तुमच्याशिवाय पक्षाला शोभा न्हाई.’ मग मी न्हाई म्हणतो. मग तू पुन्हा म्हण. मग मी गप बसतो. तिसऱ्यांदा मी डोळं पुसतो आन् कागद काढतो.”

“तिसऱ्यांदापतूर शिरा लागंल खाली,” म्हणून साहेब चुलीकडे गेले.

येसूआई हे सगळं बाजेवरून पाहत होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“काय छापलंय म्हणं आमच्या सर्जाला?”

“बंडखोर,” मी म्हणालो.

बेचाळीसच्या धामधुमीत येसूआईंच्या माहेरच्या घरात कडब्याच्या गंजीत माणसं लपवलेली असत, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की त्या बोलल्या तेव्हा मांडवातल्या लोकांनी माना वळवल्या.

“सर्जा,” त्या म्हणाल्या, “बंड कुणावर रं?”

“पक्षावर, आई.”

“आन् वाट कुणाची बघतुयास?”

“पक्षाची.”

“आमच्या येळचं बंडखोर पोलीस आलं की मागच्या दारानं पळायचं. तू पुढच्या दाराला खुर्च्या मांडून बसलायस.”

“तवाची गोष्ट येगळी, आई. तवा इंग्रज हुते.”

“इंग्रज तरी येत हुते,” येसूआई म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

साहेब येत नव्हते. दोन वाजायला आले. मांडवातली माणसं रस्त्याकडे बघून मान दुखवून घेत होती. एकदा जीप आली, सगळे उठले. ती पाणीपुरवठ्याची निघाली. एकदा पांढरी गाडी आली, सर्जेरावांनी मान वळवून रुसलेला चेहरा केला. ती दवाखान्याची होती, खुर्चीची चौकशी करायला आली होती. मी घामानं निथळत होतो आणि मनातल्या मनात फडतरेअण्णांचा, साहेबांचा आणि मराठी भाषेचा उद्धार करत होतो.

आणि मग तालुकाध्यक्ष वसंतराव पिसाळ आले. पायी. दोन कार्यकर्ते घेऊन. मांडवासमोर थांबलेसुद्धा नाहीत, चालता चालता सर्जेरावांकडे हात हलवला आणि पलीकडच्या घरात शिरले. पलीकडे दशरथ सुतार राहत. त्यांनी फॉर्मसुद्धा भरला नव्हता. फक्त चार दिवसांपूर्वी दाढी करवून घेताना म्हणाले होते की आता पक्षात राम राहिला नाही, आणि ती ओळ मी आज बातमीच्या खाली टाकली होती. ‘सुतारही नाराज.’

सर्जेराव टोपी सावरत धावले. मी मागोमाग. पिसाळ सुतारांच्या ओसरीवर बसले होते. चक्क बसले होते, हातात बशी.

“अध्यक्ष,” सर्जेराव म्हणाले, “आमच्याकडं कवा येणार?”

“तुमच्याकडं?” पिसाळांनी बशीतला चहा ओढला. “तुमच्याकडं कसं येता येईल, सर्जेराव? वरनं आदेश आहे. नाराजांची समजूत काढायची. बंडखोरांशी बोलणी नाहीत. यंदा कडक आहे.”

“पर मी...”

“तीन कॉलम आलाय की राव,” पिसाळ म्हणाले आणि ‘रणशिंग’ची घडी उघडून दाखवली. “मला काय करता येईल आता? तुम्ही नाराज असता तर दोन मिनिटांचं काम होतं.”

सुतारांनी चहाचा दुसरा कप मागवला. सर्जेराव वळले. तरातरा मांडवात आले. मग थांबले आणि माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याचा पट्टा धरला.

“कुणी सांगितलंवतं बंडखोर छापायला?”

“तुम्ही!” मी ओरडलो. माझा सगळा संयम संपला होता. “काल बाकावर बसून तुम्ही मला शिकवलंत! बायको, वांगी, तोडकर, थालीपीठ! मी म्हणत होतो असंतुष्ट करू!”

“मी अडाणी माणूस. शब्द तुम्हाला कळायला पायजेत. शिकलेलं कोण हाय?”

“माझं मत होतं...”

“नाराजच बरं हुतं. काल कसं शोभून दिसत हुतं! आत्ताच्या आत्ता दुरुस्ती छापा.”

“अंक निघाला. मशीन बंद झालं. उद्या छापता येईल.”

“उद्या माघारी हाय का?”

मी औषधाच्या दुकानातून अण्णांना फोन केला. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “‘नाराज बंडखोर’ करता येईल. पण मधली जागा पंपाला दिलीय.”

मी परत आलो तेव्हा मांडवातल्या लोकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली होती. एक म्हणाला, उगीच कशाला, कागद खिशात आहे, रस्ता ओलांडा आणि देऊन या. दुसरा म्हणाला, मनधरणीशिवाय अर्ज माघारी घेतला तर लोक काय म्हणतील? सर्जेराव खिशावर हात ठेवून मोठ्या खुर्चीकडे पाहत उभे होते.

“तोडकराकडं आलेवते,” ते हळूच म्हणाले. “म्हशीवाल्याकडं.”

“अहो, जा की,” मी म्हणालो. “वेळ आहे अजून. देऊन टाका कागद, सुटाल.”

“न बोलवता जेवायला जायचं, तसं न मनवता माघारी जायचं? आन् समजा मी तिकडं गेलो आन् इकडं साहेब आले तर?”

आम्ही सगळे नगरपालिकेच्या दाराकडे बघत बसलो. आतून साहेबी चालीनं शिपाई आला, त्यानं बाहेर कुणी राहिलंय का म्हणून दोन्ही बाजूंना पाहिलं. सर्जेराव उठले, एक पाऊल टाकलं, रस्त्याच्या टोकाला पाहिलं, आणि परत बसले. शिपायानं दार लावून घेतलं. लगेच तीनचा भोंगा वाजला.

मालनवहिनी पातेलं घेऊन बाहेर आल्या.

“खावा आता सगळ्यांनी,” त्या म्हणाल्या. “गार झाला तर टाळूला चिकटतोय.”

खुर्चीजवळच्या माणसानं इतका वेळ उभं राहून झाल्यावर शेवटी त्या दवाखान्याच्या खुर्चीवर बसून बशी घेतली. त्याला कुणी उठवलं नाही.

“आता झालास बघ,” येसूआई आतून म्हणाल्या. “बंडखोर.”

सर्जेरावांनी खिशातला कागद काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली. आता ते खरोखरच उमेदवार होते. ज्या पक्षाचा झेंडा त्यांच्या पत्र्याला वेल्डिंग केला होता त्याच्या विरोधात, ज्या माणसाची ते आजन्म वाट पाहणार होते त्याच्या विरोधात. माझ्या कालच्या वाक्यातला इतिहास घडवणारा माणूस समोर बसला होता आणि त्याला शिरा गिळवत नव्हता.

आणि तेव्हा गाडी आली.

पांढरी, लांब, काळ्या काचांची. मागे एक जीप. गाडी मांडवासमोर येऊन थांबली. बशा खाली गेल्या, खुर्च्या मागं सरकल्या, मोठ्या खुर्चीतला माणूस उडी मारून उठला आणि टॉवेलावरचा शिरा हातानं झटकू लागला. सर्जेराव उभे राहिले. मी त्यांच्या अगदी जवळ होतो. त्यांचे ओठ हलत होते.

“आता येऊन काय उपेग,” ते पुटपुटत होते, “आता येऊन काय उपेग.” पण दोन्ही हातांनी टोपी सरळ करत होते.

गाडीची मागची काच अर्धी खाली आली. आत साहेब. सोनेरी चष्मा, मांडीवर कागद. सर्जेराव गाडीजवळ गेले आणि वाकले. मीही गेलो.

“कोण?” साहेब म्हणाले. “सर्जेराव ना?”

“जी, साहेब.”

“बरं आहे का?”

“बरं हाय, साहेब.”

“यंदा कुठल्या वॉर्डात काम बघतोयस?”

पाठीमागून कुणीतरी खाकरलं. माझ्या बाजूला सुतारांकडून लगबगीनं आलेले तालुकाध्यक्ष पिसाळ एकाएकी आपल्या चपलेच्या बंदाकडे पाहू लागले होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की वरून कसला आदेशच आला नव्हता, आणि खालून वर काही कळवलंही गेलं नव्हतं.

“ह्याच,” सर्जेराव म्हणाले. “ह्याच वॉर्डात, साहेब.”

“छान. जोर लावा.”

मला काय करावं सुचेना. मी फ्लॅश उडवला. साहेब सवयीनं हसले. काच वर गेली.

“साहेब, शिरा...” सर्जेराव काचेला म्हणाले.

पिसाळ पुढं आले. त्यांनी सर्जेरावांच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच धुळीच्या पट्ट्यावर.

“सर्जेराव, किल्ली काढा,” ते म्हणाले. “सहाला सभा आहे मैदानात. सतरंज्या लागतील. माणसं आणलीत जीपमधून.”

“कसली सभा?”

“प्रचाराचा शुभारंभ,” पिसाळ म्हणाले, आणि मग जरा आवाज बारीक करून, “बंडखोरांना धडा शिकवा, असा विषय आहे. म्हणजे सर्वसाधारण. नावं घेणार नाहीत.”

मी सर्जेरावांकडे पाहिलं. मांडवातले सगळे पाहत होते. येसूआई बाजेवर उठून बसल्या होत्या. माझ्या मनात, कबूल करतो, कालचं खोडलेलं वाक्य पुन्हा उठून उभं राहिलं. आता, मी म्हणत होतो, आता. एक शब्द पुरे. नाही देत म्हणा. तेवढा एक शब्द म्हणा, सर्जेराव, उद्या आठ कॉलम देतो, पंप गेला खड्ड्यात.

सर्जेराव काहीच म्हणाले नाहीत. बोलल्या त्या मालनवहिनी.

“न्या,” त्या म्हणाल्या. झारा अजून हातातच होता. “सगळ्या न्या. एक बी ठेवू नका. आन् सभा झाल्यावर परत हितं आणून टाकायच्या न्हाईत. परवा माझा जोंधळा यायचा हाय, तो त्या खोलीत जाणार.”

“अहो वहिनी, मग ठेवायच्या कुठं?” पिसाळ म्हणाले.

“साहेबांच्या ओसरीवर ठेवा. मोठी हाय म्हणत्यात.”

येसूआई आतून मोठ्यांदा हसल्या. तसं त्या दिवसभरात कुणी हसलं नव्हतं. पिसाळ गाडीच्या बंद काचेकडे पाहू लागले.

सर्जेरावांनी सदरा वर करून करदोड्याची किल्ली सोडली. कुलूप काढलं. जीपमधली दोन माणसं आत घुसली आणि वरची सतरंजी एका बाजूनं ओढू लागली. अर्धा ढीग घसरून खाली आला, कडुलिंबाचा वाळलेला पाला सगळीकडे उडाला.

“अरे, अरे, अशी ओढता का?” सर्जेराव एकदम ओरडले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात खरा राग होता. “शिवण उसवंल! घडी घालता येत न्हाई का तुम्हाला? सरका!”

त्या दोघांना बाजूला सारून ते आत गेले. एक सतरंजी काढली, झटकली, एक टोक उजव्या खांद्यावर घेतलं. धुळीच्या लोटात ते दारापर्यंत आले. पलीकडचं टोक फरशीवरून फरफटत होतं. मी दारात वहीपेन काढून उभा होतो. मला विचारायचंच होतं.

“सर्जेराव, उद्या तुम्हाला काय छापू? बंडखोर, नाराज की आणखी काही?”

ते थांबले. शिऱ्याच्या बशांकडे, गाडीच्या काचेकडे, पत्र्यावरच्या झेंड्याकडे त्यांची नजर गेली आणि शेवटी माझ्यावर येऊन थांबली.

“ते नंतर बघू, वाटवेसाहेब,” ते म्हणाले. “आधी तेवढं मागचं टोक धरा. जमिनीला लागतंय.”